इन्का ट्रेल की सालकांताय, आणि आईबाबांना कुठून न्यायचं

तुमचा प्रश्न असा की न्यू जर्सीहून तुम्ही दोघं नि पुण्याहून साठीच्या पुढचे आईबाबा असे चौघं पेरूतल्या माचू पिचूला, म्हणजे इन्का लोकांच्या डोंगरावरच्या जुन्या शहराला जाताय, सुट्टी डिसेंबरात मिळतेय, तर तिकडे नेणाऱ्या दोन पायवाटांपैकी इन्का ट्रेल करावा की सालकांताय, आणि केटूएस (कात्रज ते सिंहगड) नि राजगड-तोरणा करणाऱ्यांना वेगळी तयारी लागते का. एका ओळीत सांगायचं तर तुम्ही दोघं चार दिवसांचा इन्का ट्रेल करा, आईबाबांना शेवटच्या तुकड्याला जोडून घ्या, आणि दमापेक्षा उंचीची नि गुडघ्यांची काळजी जास्त करा. आता सविस्तर, चहा घेऊन बसा.

सह्याद्रीतला फिटनेस कामाला येतोच, पण तो फक्त पायांचा असतो. कळसुबाई म्हणजे आपलं सगळ्यात उंच टोक, ते 1,646 मीटर, आणि कुस्कोचं विमानतळ, जिथे तुम्ही उतरून नुसती बॅगांची ट्रॉली ढकलणार, ते 3,300 च्या वर. लिमा समुद्रकाठी आहे, तिथून कुस्कोचं विमान सव्वा-दीड तासाचं, म्हणजे शरीराला काही कळायच्या आत तुम्ही दोन कळसुबाईच्या वर. ट्रेलवरची सगळ्यात उंच खिंड, वार्मिवान्युस्का, 4,215 मीटर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच उरतो. कोणी हिमाचलातला हम्प्टा पास केला असेल तर उंची जवळपास तीच. आणि उंचीचा त्रास फिटनेस बघून होत नाही, जिमवाला पोरगा उलट्या करत बसलेला नि त्याची मावशी मजेत चालतेय हे दृश्य तिथे नेहमीचं आहे, उलट फिट माणसं जोरात चालतात म्हणून जास्त आपटतात.

म्हणून कुस्कोला उतरलात की तिथे मुक्काम न करता सरळ गाडी करून खाली उरुबांबाच्या खोऱ्यात जा, उरुबांबा किंवा ओयांतायतांबो, दोन्ही 2,800-2,900 च्या दरम्यान आहेत. दोन-तीन रात्री तिथे काढा, ओयांतायतांबोचा किल्ला बघा, तेवढीच चढण्याची प्रॅक्टिस होते. डायमॉक्सबद्दल (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी) डॉक्टरांना निघायच्या आधी विचारा, विशेषतः आईबाबांच्या बाकीच्या गोळ्या चालू असतील तर, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात नि सारखं लघवीला जावं लागतं, घाबरू नका. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत थांबून, पाणी पिऊन, आराम करून बघता येतं, पण बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला किंवा चालताना तोल जायला लागला तर चर्चा करायची नाही, खाली उतरायचं. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, प्या, बरं वाटतं, पण त्याने उंचीचा आजार टळतो असं धरून चालू नका. आणि ती चहाची पाकिटं आठवण म्हणून अमेरिकेत किंवा भारतात अजिबात आणू नका, दोन्हीकडे कायद्याने बंदी आहे. शिवाय ऑफिसात ड्रग टेस्ट होत असेल तर हा चहा त्यात दिसू शकतो हेही डोक्यात ठेवा.

आता वाट. किलोमीटर 82 ला, रेल्वेलाइनच्या कडेला, सुरुवात होते, एकूण साधारण 42 किलोमीटर. पहिला दिवस सोपा, नदीकाठाने. त्यात वरून पाताल्लाक्ताच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांचा मोठा अवशेष दिसतो, तो बहुतेक जण फोटो काढून पुढे जातात, तुम्ही थांबा. 1536 मध्ये इन्कांचा राजा मान्को इन्का याने स्पॅनिशांपुढून माघार घेताना या वाटेवरची गावं जाळली, म्हणजे पाठलाग करणाऱ्याला आसरा मिळू नये नि माग लागू नये, आणि स्पॅनिश सैन्य या वाटेवर कधी पोचलंच नाही. आज तुम्हाला जे धड दिसतं त्यामागे हे एक मोठं कारण आहे. गनिमी काव्याच्या गोष्टींवर वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

दुसरा दिवस म्हणजे परीक्षा. वायाबांबाच्या 3,000 मीटरवरून 4,215 पर्यंत चढ आणि मग पाकायमायोला 600 मीटर उतार, सगळा दगडी पायऱ्यांचा. लोक चढाची भीती घालतात, मला विचाराल तर चढ फक्त वेळखाऊ आहे, पन्नास पावलं चाला, थांबा, परत पन्नास, होतं. खरा मार उताराला. इन्कांकडे घोडे नव्हते, गाडीचं चाक ते वापरत नव्हते, रस्ता माणसाच्या पायांसाठी नि लामांसाठी बांधलेला, त्यामुळे आपल्या घाटासारखी वळणं घेत बसायचं त्यांना कारणच नव्हतं, चढ आला की सरळ पायऱ्या. त्याही एकसारख्या नाहीत, एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी. तर तयारी करायची ती उतरायची करा. न्यू जर्सीत आहात तोवर एखाद्या उंच बिल्डिंगचे जिने पाठीला वजन लावून उतरा, पुण्यात असाल तेव्हा सिंहगड चढून गाडीने खाली येऊ नका. स्टिक दोन घ्या, टोकाला रबरी टोपी हवीच, नुसती लोखंडी टोकं चालत नाहीत.

तिसरा दिवस सगळ्यात सुंदर, आणि सालकांताय ऐवजी इन्का ट्रेल का याचं माझं उत्तर हाच दिवस आहे. सकाळी रुंकुराकायची गोल वास्तू, मग दुसरी खिंड, मग कड्याच्या नाकावर बसलेलं सायाकमार्का, मग ढगांच्या जंगलातून जाणारी मूळची दगडी वाट, मध्ये कातळ फोडून केलेला बोगदा, पुढे फुयुपातामार्काची एकाखाली एक पाण्याची कुंडं, आणि शेवटी वीन्याय वायना. या शेवटच्या ठिकाणी दमून तंबूत आडवे होऊ नका, कॅम्पपासून दहा मिनिटांवर आहे, आणि संध्याकाळी तिथे मोजकी माणसं असतात. माझ्या मते उतरत्या शेतांचं इतकं देखणं काम माचू पिचूतही नाही. सालकांतायची खिंड 4,600 च्या वर, डोंगर जास्त भव्य, परमिटची भानगड नाही, पण वाटेत असे अवशेष जवळपास नाहीत आणि माचू पिचूत तुम्ही बाकी सगळ्यांसारखे खालून बसने किंवा पायऱ्यांनी येता. बर्फाच्छादित डोंगरच बघायचा तर आपला हिमालय आहे की! कोणी चोकेकिराओ हे इन्कांचं दुसरं ठिकाणही सुचवेल, अप्रतिम आहे, पण आपुरिमाकच्या दरीत पूर्ण उतरून पलीकडे तेवढंच चढायचं नि परत तसंच यायचं, पहिल्या खेपेला नको.

चौथ्या दिवशी पहाटे साडेतीनला उठवतात, कारण पोर्टर लोकांना सामान आवरून सकाळची ट्रेन पकडायची असते. चेकपोस्ट साडेपाचला उघडतं, तोवर रांगेत बसून राहायचं. गेट उघडलं की लोक धावत सुटतात इंतीपुंकूवर, म्हणजे माचू पिचूच्या वरच्या सूर्यद्वारावर, सूर्योदय बघायला, तुम्ही धावू नका, वाट अरुंद आहे, बाजूला दरी, आणि बऱ्याचदा त्या वेळी समोर पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसत नाही. अर्धा तास थांबायची तयारी ठेवा. माचू पिचूत आता ठरलेल्या सर्किटनेच (आखून दिलेल्या मार्गानेच) फिरता येतं, ट्रेलच्या तिकिटात कुठलं सर्किट आहे ते कंपनीला लेखी विचारा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवसाचं वेगळं तिकीट काढून आंघोळ-झोप झाल्यावर परत वर या. दमलेल्या डोळ्यांनी बघायची जागा नाही ती.

आईबाबांसाठी किलोमीटर 104 वाला छोटा ट्रेल आहे, एका दिवसाची चाल, त्यात वीन्याय वायना नि इंतीपुंकू दोन्ही येतात आणि उंची 2,700 च्या फारशी वर जात नाही. चढ मात्र आहे, पर्वतीच्या 103 पायऱ्या न थांबता जमत असतील तरच विचार करा, नाहीतर ट्रेनने माचू पिचूच्या पायथ्याचं आग्वास कालिएन्तेस नि तिथून बस, त्यात कमीपणा काही नाही. ते गाव 2,000 मीटरवर आहे, त्यांना झोपही चांगली लागेल.

परमिटचं गणित कडक आहे. दिवसाला 500 माणसं, त्यात गाइड, स्वयंपाकी, पोर्टर सगळे धरून, म्हणजे ट्रेकर जेमतेम 200. स्वतःचं स्वतः जाता येत नाही, परवाना असलेल्या कंपनीतूनच, आणि परमिट पासपोर्ट नंबरवर निघतं, नाव बदलून मिळत नाही. मध्येच पासपोर्ट रिन्यू झाला तर जुनाही सोबत ठेवा. दर माणशी 700-800 डॉलरपासून सुरू होतो. फारच स्वस्त कोणी देत असेल तर तो पैसा पोर्टरच्या पगारातून वाचवलेला असतो, म्हणून पोर्टरना किती देता, झोपायला तंबू-मॅट देता का, हे बिनधास्त विचारा. एका पोर्टरमागे 20 किलोची मर्यादा आहे, चेकपोस्टवर वजनही होतं. टीपसाठी सुटे सोल्स (पेरूचं चलन) कॅश ठेवा.

व्हिसा: अमेरिकेचा व्हिसा निदान सहा महिने शिल्लक असेल तर भारतीय पासपोर्टवर पेरूचा वेगळा लागत नाही, आईबाबांच्या व्हिजिटर व्हिसालाही हेच. पण पासपोर्टातला शिक्का संपलाय नि फक्त अप्रूव्हल नोटीस आहे असं असेल तर आधी पेरूच्या कॉन्सुलेटला विचारा.

जेवणाची चिंता सोडा. शाकाहारी आधी कळवलं तर कुक मंडळी तंबूत सूप, किनोआ, भाज्या असं काय काय करतात. आईंची चतुर्थी मध्ये आली तरी चालेल, बटाटा तर तिकडचाच, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचाच, आणि किविचा नावाने बाजारात जे मिळतं तो राजगिऱ्याचा सख्खा भाऊ. आपला अर्धा उपास तिकडून आलाय.

राहिला डिसेंबर. पावसाळा सुरू झालेला असतो, जानेवारीत वाढतो, फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी ट्रेल बंदच असतो. आपल्याला पावसातल्या ट्रेकचं कौतुक नाही, पण इथे भिजलं की थंडी वेगळीच, आणि ओल्या पायऱ्यांवर उतरायचंय. गर्दी कमी नि परमिट पटकन मिळतं हा फायदा खरा. सुट्टी हलवता येत असेल तर एप्रिलअखेर ते मेची सुरुवात बघा, हिरवळ असते नि पाऊस ओसरलेला, फक्त त्यासाठी पाच-सहा महिने आधी बुकिंग लागतं. आणि काहीही ठरवलं तरी परमिट कन्फर्म झाल्याची मेल हातात येईपर्यंत लिमाची विमानाची तिकिटं काढू नका.