कोरोनानंतर आमच्या मैदानावर तीच ठरावीक मुलं येतात. बायका, ज्येष्ठ आणि दिव्यांगांना खेळात कसं आणावं?

तुम्ही लिहिलंय की स्पर्धा ठेवल्या, फलक लावले, तरी क्रिकेटवाली मुलंच येतात. माझं म्हणणं, स्पर्धा थोडे दिवस बाजूला ठेवा. आपल्याला खेळता येतं हा भरवसा असलेलेच स्पर्धेला नाव देतात, आणि टाळेबंदीत बऱ्याच जणांचा तोच भरवसा गेला. बारा वर्षांची मुलगी घरात बसली, बाहेर पडेपर्यंत चौदाची झाली. घरचे म्हणाले, आता कसलं खेळायचं! तिच्यासाठी मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मी आमच्या वस्तीत बायका-मुलींचा खेळवर्ग घेते. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला कुणी फिरकत नसे, चारची वेळ केली तशा येऊ लागल्या. मैदानाजवळच्या स्वच्छतागृहाचं कुलूप निघालं तेव्हा आणखी वाढल्या. तो तास फक्त त्यांचाच, हे क्रिकेटच्या पोरांना स्वतः भेटून सांगा, नाहीतर चेंडू सारखा मध्ये येतो. बूट-ट्रॅकपँटची सक्ती नको. लंगडी, लगोरीपासून सुरुवात करा. ते खेळ कुणाला शिकवावे लागत नाहीत.

दिव्यांगांसाठी नियम बदलायला कचरू नका. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू खुळखुळतो, गोलंदाजी खालून होते, पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट धरतात. तरी चुरस तसूभर कमी होत नाही! दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलींना मल्लखांब शिकवला. त्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. मल्लखांब जमतो, तर तुमच्या मैदानावर काय अडणार आहे?

ज्येष्ठांना नुसतं चालायला लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आहे की पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत. खुर्चीला धरून एका पायावर उभं राहणं, हातांचा आधार न घेता उठणं, एवढ्यावरही सुरुवात होते. कोरोनानंतर अजून धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायला सांगा.

मैदानाच्या फाटकाला पायरी असेल तर नगरपालिकेकडे उताराची मागणी लेखी करा. दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 30 मध्ये खेळाच्या सुविधा दिव्यांगांसाठी नव्याने आखण्याची तरतूद आहे; अर्जात कलमाचा उल्लेख हवाच. अर्जावर व्हीलचेअर वापरणाऱ्या शेजाऱ्यांची सही घ्या आणि त्यांना कोणता खेळ खेळायचाय, तेही तेव्हाच विचारा.