वीस लिटरची गाय वर्षभर वीस लिटर देत नाही

दादा, तुमचं गणित वाचलं. फलटणजवळ तीन एकर बागायत, पुण्यातली नोकरी सोडायची, कर्ज काढून वीस लिटरच्या दहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, संकरित विदेशी) गायी आणायच्या. दिवसाला २०० लिटर, दर ३० रुपये, महिन्याला १ लाख ८० हजार. गुणाकार बरोबर आहे, गाय चुकलीय.

वीस लिटर हा व्यायल्यानंतर दीड-दोन महिन्यांतला आकडा. तिथून दूध उतरायला लागतं, आणि पुढच्या वेताआधी दोन महिने गाय आटवावीच (दूध काढणं थांबवावंच) लागते. वीसवर चढलेल्या गायीचं अख्ख्या वेताचं दूध साधारण ४,००० लिटर धरा. आपल्याकडे दोन वेतांतलं अंतर सहज चौदा-पंधरा महिन्यांवर जातं. ४,००० ला ४४० दिवसांनी भागलं की रोजचे नऊ लिटर. दहा गायींचे ९० लिटर, म्हणजे २,७०० रुपये.

आता खाणं. भाकड (बिनदुधाचे) दिवस धरून गायीमागे रोज सरासरी वीस किलो मुरघास (हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा) आणि चार-साडेचार किलो पेंड लागते (शरीराला किलोभर, वर अडीच लिटर दुधामागे किलो). पेंड ३२ रुपयांनी धरली तर १४० च्या आसपास. मुरघास विकत साडेपाच रुपयांनी घेतला तर ११० आणखी. झाले २५०, आणि दूध २७० चं! घरच्या मक्याचा मुरघास निम्म्यात पडतो, तेव्हा कुठे गायीमागे ७५ रुपये हातात राहतात. दहा गायींचे महिन्याला २२ हजार, आणि त्यातूनच डॉक्टर, वीज, गडी आणि बँकेचा हप्ता. शेणखत आणि घरच्या कालवडी (मादी वासरं) ही खरी शिल्लक, पण कालवड दुधावर यायला अडीच-तीन वर्षं जातात.

म्हणून आधी चारा, मग गाय. दहा गायींना वर्षाला ७०-७५ टन मुरघास हवा. मका एकरी पंधरा-वीस टन हिरवा निघतो, म्हणजे दोन हंगामांत तुमच्या तीन एकरांत जेमतेम बसतं. दाणा चिकात असताना कापा, कुट्टी खड्ड्यात टाकताना थरावर थर ट्रॅक्टरने दाबा. हवा राहिली की बुरशी धरते, आणि तो मुरघास गाभण गायीला अजिबात घालू नका.

नवख्याचा सगळ्यात मोठा तोटा कुठल्याच वहीत दिसत नाही: हुकलेला माज, म्हणजे गाय भरवायची हुकलेली वेळ. एक माज हुकला की पुढचा २१ दिवसांनी, आणि तेवढे दिवस गाय फुकट खाते. एचएफचा माज कित्येकदा मुका असतो, रात्रीच येऊन जातो. पहाटे धारेआधी आणि रात्री झोपताना बॅटरी घेऊन गोठ्यात एक फेरी मारा. काचेसारखा चिकट बळस (माजाचा स्राव) शेपटीला लागलाय का, एखादी उगाच उभी आहे का, धारेला दूध चोरलं का, हे बघा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा (कृत्रिम रेतन करा). तीनदा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही, तर चौथी कांडी (वीर्याची नळी) भरण्याआधी डॉक्टरकडून गर्भाशय तपासून घ्या. हे काम पगारी गडी करत नाही, मालकालाच करावं लागतं. पुण्यात बसून गोठा चालत नाही तो यामुळे.

खरेदी दुसऱ्या वेताची करा. नगर जिल्ह्यातल्या लोणी गावच्या गायींच्या बाजारात जा, पण बाजारातली टंच कास बघून भाव ठरवू नका. एक धार चुकवून तुंबवलेली असू शकते. शेतकऱ्याच्या दावणीला जाऊन लागोपाठ तीन धारा समोर काढून घ्या, चारही सडं स्वतः पिळून बघा. गाय आणल्यावर पहिले काही आठवडे ताप बघत राहा. प्रवासाच्या ताणात गोचीडतापाने नवी गाय जाते.

गोऱ्ह्यांचं (नर वासरांचं) काय करायचं, विचारलंत. २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे गोऱ्ह्याला गिऱ्हाईक नाही आणि भाकड गायीलाही. पहिलारूंना (पहिल्यांदा गाभण जाणाऱ्या कालवडींना) लिंगनिश्चित (सेक्स-सॉर्टेड) वीर्य वापरा, दहातल्या नऊ कालवडी होतात. महाग आहे, पण गोऱ्हा पोसण्यापेक्षा स्वस्त.

दराचं म्हणाल तर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) खाली गेलात की पॉइंटाला कपात. २०२४ मध्ये सरकारने लिटरमागे आधी ५, नंतर ७ रुपये अनुदान दिलं. तसलं काही आलं तर बोनस समजा, हप्त्याच्या हिशेबात धरू नका.

घरी वडील आहेत म्हणता, तर सध्या नोकरी ठेवा, दोन गायींवर माजाची नजर वडील ठेवतील. या खरिपात मका करून खड्डा भरा, दिवाळीनंतर दोन गायी आणा आणि एक उन्हाळा काढा. उन्हाळ्यात चारा, माज, दूध सगळंच एकदम घटतं. त्यात वहीत काही उरलं तर तिसरी-चौथी आणा. कर्ज तेव्हा काढा. गोठ्याला सिमेंट ओतू नका, गायी मोकळ्या फिरतील असा मुक्त गोठा करा: जाळीचं कुंपण, गव्हाणीपुरतं पत्र्याचं छप्पर, दिवसभर पाणी. कुट्टी मशीन पहिल्या दिवसापासून लागेल, मिल्किंग मशीन पाच गायी झाल्यावर बघू.