फुकटच्या कोर्सचं कसलं आलंय मार्केटिंग?

प्रश्न : मुलगी बीएमएस झाली, डिजिटल मार्केटिंगचा कोर्सही केला. पुण्यात एजन्सीची नोकरी हातात असताना तिला बचत गटांतल्या बायकांना ऑनलाइन पैशाचे व्यवहार शिकवणाऱ्या स्वयंसेवी संस्थेत मार्केटिंग करायचंय. कोर्स फुकट आहे, मग मार्केटिंग कसलं? यात करिअर आहे का? – एक पालक, सांगली

नमस्कार. फुकट म्हटलं की लोक येतात, हे भंडाऱ्यापुरतं खरं. गटातल्या बाईला अनोळखी नंबरवरून ‘मोफत आर्थिक साक्षरता, लिंक दाबा’ असा मेसेज आला, तर ती दाबत नाही. आणि दाबूही नये. अनोळखी लिंकला हात लावू नका, हेच तर अशा कोर्समध्ये शिकवतात! शिवाय घरातला बरा फोन बहुतेकदा मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात. मग निरोप जायचा कसा? गटाच्या मासिक बैठकीतून, सीआरपी ताईंच्या (गावातल्या गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्तीच्या) तोंडून, रात्री भांडी उरकल्यावर ऐकता येईल अशा मिनिटभराच्या व्हॉइस मेसेजमधून. ‘आर्थिक समावेशन’ म्हटलं की बायका जांभया देतात. ‘तुमच्या हप्त्यात व्याज किती अन् मुद्दल किती, पासबुक आणा, बघू’ म्हटलं की सरसावून बसतात. हे कसब एजन्सीत सहसा शिकायला मिळत नाही.

इथलं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे पैसे देणारा. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्यांच्या अधिकाऱ्याला नोंदणीचा मोठा आकडा दाखवायचा मोह सगळ्यांनाच होतो. शेवटच्या धड्यापर्यंत किती जणी पोचल्या, त्यातल्या कितींनी नंतर आरडी, म्हणजे दरमहा बचतीचं खातं, उघडलं, हे दाखवता आलं तर पुढच्या वर्षी पैसे मागायला तोंड राहतं.

गूगल पात्र संस्थांना महिन्याला 10,000 डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती देतं; रोख नव्हे, जाहिराती. गावातली बाई गूगलवर कोर्स शोधत बसत नाही. देणगीदार आणि स्वयंसेवक शोधतात, तेव्हा त्या तिथं खर्चाव्यात. या जाहिरात-खात्याचा क्लिक-दर, म्हणजे जाहिरात जितक्यांदा दिसली त्यातल्या क्लिकचं प्रमाण, 5 टक्क्यांच्या खाली जाऊन चालत नाही. असं खातं सांभाळलेल्या मुलीला उद्या एजन्सीही आनंदाने घेईल, ती काळजी सोडा.

क्षेत्र नवं नाही. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक 1997 ची; माणदेशी फाउंडेशन बायकांसाठी बिझनेस स्कूल आणि सामुदायिक रेडिओही चालवतं. रिझर्व्ह बँकेनेही 2017 पासून स्वयंसेवी संस्थांना हाताशी धरून तालुका पातळीवर आर्थिक साक्षरता केंद्रं सुरू केली. मुलीने आधी हे काम जवळून पाहावं. संस्था शिकवण्याच्या नावाखाली विमा किंवा शेअरच्या टिप्स खपवत असेल, तर तिथून सरळ परत यावं.

पगाराची तुमची काळजी मात्र रास्त आहे. सुरुवातीला एजन्सीपेक्षा कमीच मिळेल. त्याहून महत्त्वाचं, अशा जागा बऱ्याचदा प्रकल्पावर असतात. निधी संपला की जागाही जाते. म्हणून नियुक्तीपत्रावर सही करण्याआधी तिने तीन गोष्टी विचाराव्यात : पद संस्थेचं की प्रकल्पाचं, निधी कोणत्या महिन्यापर्यंत मंजूर आहे, आणि पीएफ कापतात का. उत्तरं लेखी मिळाली तर खुशाल जाऊ द्या.