चपलांपाशी फुटलेला कंठ

प्रश्न : मी ५८ वर्षांची आहे, इंदूरला रामबागेत राहते. आमच्या गणेशोत्सव मंडळात दरवर्षी मुलांचं नाटक बसवतात. यंदाच्या बैठकीत ठरलं, नाटक बंद, त्या पैशांत ऑर्केस्ट्रा. आम्ही १४ जण होतो. "सगळ्यांना मान्य ना?" असं विचारल्यावर भराभर हात वर झाले, माझाही झाला. खरं तर मला मुळीच मान्य नव्हतं. खाली जिन्यापाशी चपला शोधताना तिघं जण मला म्हणाले, "नाटक राहायला हवं होतं हो." मग वर कुणीच का नाही बोललं? मी इतकी भित्री आहे का?

उत्तर : ताई, भित्र्या असाल तर माझ्याच पंगतीत बसा. पुतण्याच्या मुंजीआधी आचाऱ्याने मसालेभाताची चव बघायला बोलावलं होतं. लवंग इतकी, की पहिल्याच घासाला जीभ बधिर झाली. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "झकास!" नणंद म्हणाली, "झकास." माझी पाळी आली तेव्हा मीही "झकास" म्हटलं, वर "मसाला काय सुरेख जमलाय" अशी पुस्ती जोडली. जन्मभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलेली बाई मी! मुंजीच्या दिवशी पानापानांत तो भात तसाच उरला.

वर्गात मात्र मी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचा प्रयोग रंगवून सांगायचे. १९५० च्या सुमाराचा, अमेरिकेतला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी पहिलीएवढी कोणती, इतकंच सांगायचं. बालवाडीतलं पोरही सांगेल. पण खोलीतल्या सात-आठ जणांपैकी खरा पाहुणा एकच, बाकीचे पढवून ठेवलेले. १८ फेऱ्यांपैकी १२ मध्ये ते एकमुखाने चुकीची रेघ सांगत, आणि पाहुण्याची पाळी येई शेवटाकडे. एकट्याने उत्तर देताना चुका शंभरात एकही होत नव्हती. या १२ फेऱ्यांत मात्र साधारण ३७ टक्के उत्तरं घोळक्यासारखी चुकीची आली. चारातले तीन जण निदान एकदा तरी वाकले. नंतर विचारलं तर काही म्हणाले, आपल्याच डोळ्यांत काही दोष असेल असं वाटलं. काही म्हणाले, दिसत होतं, पण उगाच वेगळं कशाला पडायचं?

ही दोन कारणं वेगळी आहेत. घोळका आपल्यापेक्षा जास्त जाणतो असं वाटलं की आपण त्याच्यामागे जातो, आणि पुष्कळदा ते शहाणपणाचंच असतं. तुमच्या सराफ्यात, रात्रीच्या त्या खाऊबाजारात, नवा पाहुणा गर्दी बघूनच गराडूची (तळलेल्या कंदाची) गाडी निवडतो, त्यात चुकतं काय? दुसरं कारण, आपल्याला बाहेर काढतील ही धास्ती. तुमचा हात या दुसऱ्या कारणाने वर गेला. नाटक हवं की नको, हे तुम्हाला कुणाकडून शिकायचं नव्हतं.

आणि ते "सगळ्यांना मान्य ना?" त्या 'ना'तच अर्धा निकाल लागून जातो. (आमच्या घरीही "चहा नको ना?" असंच विचारतात.) शिवाय वर उचललेले हात दिसतात, मनातलं 'नको' दिसत नाही. तुम्ही त्या तिघांचे हात मोजलेत, त्यांनी तुमचा मोजला. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच.

अ‍ॅश यांच्या प्रयोगातला माझा आवडता भाग पुढे आहे. विरोधात एकच माणूस असला तर पाहुणा फारसा डळमळत नसे, तिघं झाले की जवळजवळ पुरता जोर चढे. पण त्यांनी घोळक्यात एक जण खरं बोलणारा बसवला, आणि वाकण्याचं प्रमाण चौथाईवर उतरलं. एकाच सोबत्याने! तोच सोबती मध्येच फितूर होऊन घोळक्याला मिळाला, तर पाहुणा पुन्हा वाकू लागे. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं, तेव्हाही वाकणं बरंच कमी झालं.

तुमच्याकडे तर सोबती एक सोडून तीन निघाले, फक्त जिना उतरल्यावर. त्यांतल्या एकाला आजच फोन करा. सगळ्यांना नको, नाहीतर तुमचाच नवा घोळका व्हायचा. एवढंच ठरवा, की पुढच्या बैठकीत तुम्ही विषय काढायचा आणि त्यांनी लगेच, दुसऱ्या कुणी बोलायच्या आत, "मलाही तसंच वाटतं" म्हणायचं. मग हात वर करण्याऐवजी चिठ्ठ्या मागा. वहीचा एक कागद फाडला तर चौदा चिठ्ठ्या सहज होतात. चिठ्ठ्यांतूनही ऑर्केस्ट्राच निघाला, तर मात्र ऐकावं लागेल.

आणि त्या दिवशी पहिला हात कुणाचा वर झाला होता, ते आठवलं तर मला नक्की कळवा.