कमी पैशांत पहिला परदेश प्रवास

पहिल्यांदाच निघताय, तर तारखा सैल ठेवा. अमुकच आठवडा हवा म्हटलं की तिकीट महागतं. हंगामाच्या थोडं आधी किंवा तो संपल्या संपल्या गेलात, तर विमान आणि खोली दोन्ही स्वस्त पडतात.

स्वस्त तिकीट दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. सामानाचे पैसे वेगळे असतात, आणि विमानतळ नेमका कुठे आहे तेही बघा. पॅरिसच्या नावावर खपणारा बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटर लांब आहे. रात्री उशिरा उतरलात तर वाचवलेलं सगळं टॅक्सीत जाईल.

कार्डाचं मात्र नीट लक्षात ठेवा. एटीएम किंवा दुकानातलं मशीन विचारतं, पैसे तुमच्या चलनात घेऊ की इथल्या? दर वेळी तिथलं स्थानिक चलनच निवडा. आपलं चलन ओळखीचं वाटतं, पण मग चलन बदलायचा दर मशीनवाले लावतात आणि तो बहुतेक वेळा महागच असतो. पहिल्या प्रवासात मी हे न कळून रोज थोडे थोडे पैसे घालवले, त्याची हळहळ अजून आहे.

हॉस्टेल घ्याल तर स्वयंपाकघर असलेलं घ्या. एक वेळ स्वतः रांधलंत तरी खर्च बराच उतरतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा कायमचा संग्रह फुकट बघता येतो, माद्रिदच्या प्रादो चित्रसंग्रहालयात संध्याकाळचे शेवटचे दोन तास.

काटकसर कुठेही करा, प्रवास विम्यात नको. युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी तर किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतंच. आणि पासपोर्टची मुदत आजच तपासा, अनेक देशांना सहा महिने शिल्लक लागतात.