बंडल घेऊ का मॅडम? घरून फायली विकणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

मी फोटो एडिटिंगचा क्लास घेते. महिन्याभरात मला आलेले मेसेज काल बसून चाळले, तर निम्मे प्रश्न एकच, फक्त गाव वेगळं. लग्नाच्या बायोडाटाचे नमुने, वाढदिवसाचे बॅनर, ब्लाऊज कटिंगचे पीडीएफ, बचत गटाच्या हिशोबाची एक्सेल शीट, असं काहीबाही घरून बनवून मोबाईलवर विकायचं म्हणून राहिले सगळे. चांगलंच आहे, दुकानाचं भाडं नाही अन् माल सडत नाही. पण प्रत्येकाला कोणीतरी काहीतरी कानात सांगून ठेवलेलं असतं अन् ते निस्तरायला मग मी. म्हणून इथंच एकदा लिहून टाकते.

मॅडम, माझ्यापाशी लॅपटॉप नाही, मोबाईलवर जमते का? (दर्यापूर)

जमते. लॅपटॉप कमाईतून घ्या, हप्त्यावर नको.

उद्यम नोंदणीचे 1,800 रुपये मागून राहिला एक जण. बरोबर आहे का? (आरमोरी)

नाही. उद्यम म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, तिला सरकारी फी शून्य आहे, आधार अन् पॅनवर होते. सर्च केलं की वर ज्या साइट येतात त्यातल्या बऱ्याच जाहिरातीच्या असतात, वर तिरंगा, अशोकस्तंभ, सगळं सरकारीसारखं. पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन आहे का तेवढं बघा. सेवा केंद्रवाल्यानं फॉर्म भरायची मेहनत म्हणून थोडे घेतले तर ठीक, पण त्याला फी म्हणू नये.

जीएसटी नंबर काढावा लागते का? कोणी म्हणते 40 लाखापर्यंत नाही. (चिखली)

40 लाख मालासाठी. डाऊनलोड होणारी फाईल सेवा धरतात, तिथं 20 लाखांचा हिशोब. वर्षाची विक्री त्याच्या आत असेल तर साधारण लागत नाही. मोठ्या साइटवरून विकत असाल किंवा परदेशातलं गिऱ्हाईक असेल तर मात्र आधी सीएला भेटा, मला विचारून नंबर काढू नका अन् मला विचारून टाळू पण नका.

आमची सहा एकर आहे. ही कमाई शेतीच्या उत्पन्नात दाखवली तर टॅक्स नाही, गावात सगळे असंच करतात. (मोर्शी)

बॅनर वावरात उगवत नाही भाऊ. शेतीचं उत्पन्न वेगळं अन् हे धंद्याचं, आणि हे पैसे यूपीआयनं खात्यात येऊन राहिले म्हणजे नोंद झालेलीच आहे. एक वही ठेवा, रोजची विक्री लिहा अन् ती वही घेऊन कर सल्लागाराकडे जा, शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री नाही.

इन्स्टावर एक जण पाच हजार ई-बुकांचं बंडल 499 ला देते, रिसेल राइट्ससकट, म्हणजे पुन्हा विकायचा हक्क पण. एकदा घ्या अन् जन्मभर विका म्हणते. त्याचाच 14,999 चा कोर्स पण आहे, तीन जण जोडले की पैसे वसूल. माझ्या नणंदेनं कोर्स घेतला. मी काय करू? (दिग्रस)

नका घेऊ. अन् आता ऐकून घ्या, कारण या बंडलापायी माझं डोकं आठवड्यातून दोनदा तडकते.

मागच्या हिवाळ्यात एक बाई असंच बंडल घेऊन क्लासवर आली, एकही विकलं जाऊन नव्हतं राहिलं. मी तिच्या समोरच फोल्डर उघडलं. पहिलंच प्लॅनर 2019 चं. नोव्हेंबरात अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग सण छापलेला अन् ऑगस्ट-सप्टेंबरात पोळ्याचा पत्ता नाही. पुढं मुलांनी रंगवायची चित्रं, त्यात बर्फाचा माणूस. आपल्याकडच्या पोराला बर्फाचा माणूस कायले पाहिजे, तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी द्या नं त्याला रंगवायला! अन् चार फायलींवर तर दुसऱ्याच कोणाचा वॉटरमार्क, पांढरा चौकोन लावून अर्धाच झाकलेला. ती बाई बघत बसली अन् मग हळूच म्हणाली, मी तर उघडूनच नव्हतं पाहिलं.

रिसेल राइट्स असं पीडीएफच्या पहिल्या पानावर लिहिलं म्हणजे हक्क मिळत नाही, तो हक्क देणाऱ्यापाशी तरी होता का हे कोण बघते? 1957 चा कॉपीराइट कायदा पीडीएफला पण लागतो. मूळ मालकानं तक्रार केली की पेज तुमचं बंद होते, तुम्हाला विकणारा तोवर नाव बदलून दुसरं पेज उघडून बसलेला असतो. तयार टेम्प्लेटचंही तसंच, कॅनव्हा या डिझाईनच्या ॲपवरचा फोटो नाहीतर चित्र जसंच्या तसं उचलून विकायला त्यांच्याच अटींत मनाई आहे, पण अटी वाचते कोण.

अन् समजा सगळं कायदेशीर असलं तरी तेच बंडल हजारो लोकांपाशी आहे. तुम्ही 99 ला लावलं की शेजारची 49 ला लावते. एकाच दिवशी सगळ्यांचा कापूस बाजारात आला तर भावाचं काय होते ते कास्तकाराच्या घरात मी सांगावं का? अन् कापूस तरी खरा असतो.

कोर्सचं तर याहून वाईट. जिथं वस्तू विकून नाही, माणसं जोडून पैसे येतात, ती साखळी. अशा पैसे फिरवायच्या योजनांवर 1978 च्या कायद्यानं बंदी आहे, त्यात नुसतं सभासद व्हायलाही मनाई आहे, अन् 2021 च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांतही पिरॅमिड योजना चालत नाही. म्हणजे नणंदेनं उद्या तुम्हाला जोडलं तर ती फसलेली न राहता फसवणारी ठरू शकते, अन् घरातल्या घरात भांडण ते वेगळंच. कमाईचे स्क्रीनशॉट दाखवतात म्हणता, ते मी पाच मिनिटांत बनवून देते, फोटो एडिटिंग शिकवते मी.

हा कोर्स त्या कायद्यात बसतो का ते वकीलच सांगेल. नणंदेला सांगा, चॅट अन् पैसे दिल्याची पावती काही डिलीट करू नको, 1915 या ग्राहक हेल्पलाईनला फोन कर, अन् तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आपल्या इकडे हे कोणाला माहीतच नसते.

कृतीदेव फॉन्टमध्ये पत्रिका केली, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. (पांढरकवडा)

युनिकोड वापरा, म्हणजे कोणत्याही फोनवर मराठीच दिसणारे फॉन्ट. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत अन् धंद्यासाठी पण चालतात. फाईल पाठवायच्या आधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून जोडाक्षरं बघा, नवरीच्या नावातलाच 'श्र' फुटला तर पैसे परत मागतात.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं टाईप करून पीडीएफ 30 रुपयाला विकू का? संताचं तर सगळ्यांचंच असते. (तिवसा)

म्हणायला सगळ्यांचं, विकायला नाही. कॉपीराइट लेखकाच्या हयातीभर अन् त्यानंतर 60 वर्षं, ती मोजायची पुढच्या जानेवारीपासून. महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले, म्हणजे 2028 संपेपर्यंत थांबा नाहीतर मोझरीला महाराजांच्या आश्रमात जाऊन हक्क कोणाकडे आहे ते विचारा अन् लेखी परवानगी घ्या. अमरावतीच्या सुरेश भटांचे शेर टाकून स्टेटस विकणारे पण खूप झालेत, ते 2003 ला गेले, 2063 पर्यंतचं काम आहे ते. तुकोबांचे अभंग मोकळे आहेत, पण कोणी अलीकडे लिहिलेला अर्थ उचलू नका.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. वर्कशीट बायकोच्या नावानं विकल्या तर? (देवरी)

वर्तणूक नियम बायकोचं नाव बघून झोपत नाहीत सर. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारा, उत्तर येईपर्यंत विकू नका.

दिवाळीत एका गिऱ्हाइकानं क्यूआर पाठवला, स्कॅन करा म्हणजे पेमेंट येते म्हणे. माझेच 7,500 गेले. तक्रार करावी का? (वणी)

दिवाळीत गेले अन् होळीला विचारून राहिले! 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन त्याच तासात करायचा असतो, पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आधी बँक तो अडवू शकते. आता आशा कमी, तरी आजच करा, बँकेत अर्ज द्या, पोच घ्या. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही.

माझ्या ब्लाऊज कटिंगचा पीडीएफ एकीनं घेतला अन् गटात फॉरवर्ड केला. थांबवायचं कसं? (लाखनी)

पूर्ण थांबत नाही. प्रत्येक पानाखाली घेणारीचं नाव अन् तारीख टाकून पाठवा, स्वतःचं नाव दिसलं की हात थोडा आखडतो. मोठं नुकसान असेल तर वकिलाला दाखवा. अन् तयार मापाऐवजी गिऱ्हाइकाचं माप घेऊन फाईल करून द्या. गटात फिरलेला नमुना 34 चा असला अन् बाईला 38 चा पाहिजे असला, तर ती तुम्हालाच फोन करते.