‘ह्यो बोलणाच नाय!’

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर बापलेक माझ्याकडे कुडाळला समुपदेशनासाठी आले. पहिली वीस मिनिटं वडीलच बोलत होते. तारकर्ली-देवबाग पट्ट्यात, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी अशा चिंचोळ्या जागेत त्यांचं घर आणि घरातच चार खोल्यांचा होमस्टे. (दोघांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळखीच्या खुणा बदलून.) मुलगा चोवीस वर्षांचा. त्याला विशाल म्हणू. तो फरशीवरचे ठिपके मोजत असावा असा बसला होता.

“मॅडम, ह्यो बोलणाच नाय! गिराईक काय ह्याच्या तोंडाकडे बघूक येतला?”

पाहुणे जेवायला बसले की वडील गजाली सुरू करतात आणि विशाल “पंप बघून येतो” म्हणून जो मागच्या दारी जातो, तो पानं उठल्यावर उगवतो. तक्रार एवढीच.

माझ्याकडे हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी दहावीतल्या मुलीची आई विचारते, कधी नव्याने लग्न झालेली बायको नवऱ्याबद्दल विचारते. आपला माणूस गप्प असतो, म्हणजे त्याच्यात काही बिघाड आहे का? आणि तो बदलता येतो का? आपल्या भाषेनेही गप्प माणसांवर जरा अन्यायच केला आहे. घुम्या, एकलकोंडा, मुखदुर्बळ, आतल्या गाठीचा. ‘मितभाषी’ हा एक बरा शब्द आहे, पण तो वाट्याला येतो श्रद्धांजलीच्या बॅनरवर.

वडिलांना बाहेर बसवल्यावर विशालने मोबाईल काढून दाखवला. इंटरनेटवर एक चाचणी दिली होती, तिने त्याला इंग्रजीतली चार अक्षरं बहाल केली होती. खाली लिहिलं होतं की तो अंतर्मुख आहे, खोल विचार करणारा आहे आणि अशी माणसं दुर्मीळ असतात. “मॅडम, मी वाचलं आणि रडायलाच आलं. पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं की माझी चूक नाही.” त्याच्या जोरावर त्याचा निर्णयही झाला होता. मुंबईला मावशीकडे राहायचं आणि माणसांशी संबंधच येणार नाही अशी कॉम्प्युटरवरची नोकरी बघायची.

त्याच्या त्या सुटकेची थट्टा करावीशी मला वाटली नाही. पण मुंबईची तिकिटं निघण्याआधी एक गंमत केली. वहीत काही लिहिल्यासारखं करून त्याला वाचून दाखवलं: “तू वरून शांत दिसतोस, पण आत विचार थांबत नाहीत. जवळच्या माणसांत खुलतोस, अनोळखी लोकांत आखडतोस. एखादा शब्द मनाला लागला तर दिवसभर सलतो.” तो म्हणाला, “अगदी बरोबर. कसं ओळखलंत?” ओळखलं नव्हतंच. हाच मजकूर मी त्याच्या वडिलांनाही वाचून दाखवला असता तर त्यांनीही मान डोलावली असती (पुढे एकदा खरंच दाखवला, त्यांनीही डोलावली). बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1948 साली हेच केलं होतं. वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून सगळ्यांच्या हाती एकच मजकूर दिला, तोही बहुतांशी स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले.

म्हणजे स्वभावांचे प्रकार वगैरे सगळं थोतांड का? तसंही नाही. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द रुळले ते कार्ल युंग यांच्या 1921 सालच्या ग्रंथामुळे, आणि निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख माणूस नसतोच हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी युंग यांच्या कल्पनांवरून सोळा प्रकारांची चाचणी बांधली. विशालची चार अक्षरं त्याच घराण्यातली. या दोघी मायलेकी मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या, पण माझी खरी अडचण ती नाही. ही चाचणी माणसाला या खोलीत किंवा त्या खोलीत बसवते, उंबऱ्यावर उभं राहू देत नाही. आपण बहुतेक जण असतो उंबऱ्याच्या आसपासच. म्हणून पाचेक आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांची अक्षरं बदललेली असतात.

संशोधक आज जास्त भरवसा ठेवतात तो पाच पट्ट्यांवर: नव्या अनुभवांचं कुतूहल, कामातला चोखपणा, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि मन किती चटकन अस्वस्थ होतं ते. ही मोजपट्टी आहे. उंचीसारखं, कोणी पाच फूट दोन, कोणी पाच फूट सात. ‘उंच’ आणि ‘बुटका’ अशा दोनच जाती नाहीत.

हे सगळं त्याला समजावून मी स्वतः मात्र चुकले. मला वाटलं, या मुलाला माणसांची भीती आहे. म्हणून गृहपाठ दिला: रोज रात्री जेवणाच्या टेबलाशी बसायचं आणि प्रत्येक पाहुण्याला एक तरी प्रश्न विचारायचा. पुढच्या वेळेला तो आलाच नाही. त्यानंतरच्या आठवड्यातही नाही. तीन आठवड्यांनी एकटाच आला, मालवणहून एसटीने.

“मॅडम, तुम्ही सांगितलंत ते केलं. सगळ्यांशी बोललो. भीती नाही वाटली. पण रात्री खोलीत गेलो की कोणी पिळून काढल्यासारखं वाटायचं. चार दिवस केलं, पाचव्या दिवशी उठवेना.”

भीती नाही वाटली! ते वाक्य मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग दोन रकान्यांची वही करायला सांगितली. पंधरा दिवस, प्रत्येक प्रसंगानंतर दोनच गोष्टी लिहायच्या: आधी पोटात काय होत होतं आणि नंतर अंगात जीव होता की नव्हता. बाकी विश्लेषण नको.

ती वही मी अजून विसरले नाही. बारा जणांची पंगत: आधी काही नाही, नंतर मेल्यासारखा. त्याच दिवशी पहाटे एका जोडप्याला होडीतून खाडीत नेलं होतं. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूत बायका मुळे (खायचे शिंपले) कशा काढतात ते दाखवलं, कांदळवनात खंड्या दाखवला, समुद्री गरुडाचं घरटं दाखवलं. दोन तास न थांबता बोलत होता. नंतरच्या रकान्यात लिहिलं होतं: “मजा आली.” म्हणजे बोलण्याचं वावडं नव्हतंच. गर्दीचं आणि इकडच्या तिकडच्या गप्पांचं होतं. एकदोन माणसं आणि बोलायला खरा विषय असला की हा ‘घुम्या’ धो धो वाहायचा.

आणि मग तीन ठिकाणी एकच नोंद सापडली. “अनोळखी नंबरवरून फोन. पोटात गोळा. उचलला नाही.” नंतरच्या रकान्यात: “सुटलो.”

ही नोंद वेगळ्या जातीची होती. पंगतीआधी काही होत नव्हतं, नंतर दमणूक होती. फोनआधी धडधड होती आणि टाळल्यावर सुटका. दमणूक स्वभावातून येते, तिच्यावर उपाय म्हणजे विश्रांती. टाळून मिळणारी सुटका मात्र भीतीला खतपाणी घालते, दरवेळी टाळलं की ती पेरभर वाढते. हळूहळू विचारलं तेव्हा सहावीतला स्वातंत्र्यदिन निघाला. माईकवर भाषण विसरला होता आणि सगळं मैदान हसलं होतं. चेहरा न दिसता आवाज ऐकू आला की आजही त्याला ते मैदान आठवायचं. मी त्याच्या स्वभावाला भीती समजले होते आणि तो आपल्या भीतीला स्वभाव समजत होता. चार अक्षरांनी ती भीती छान झाकून ठेवली होती.

पुढची वाट कंटाळवाणी असते, म्हणून थोडक्यात सांगते. पहिली तीन वाक्यं कागदावर लिहून आधी मला फोन, मग ओळखीच्या किराणावाल्याला, मग गॅस एजन्सीला, मग जुन्या पाहुण्यांना, मग अनोळखी नंबर. प्रत्येक पायरीवर धडधड बसेपर्यंत थांबायचं. आठ आठवडे लागले, आणि मध्ये दोनदा घसरला.

वडिलांशी मात्र जास्त कठीण गेलं. स्वभाव बदलणार नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मी विचारलं, बुकिंगची वही कोण ठेवतं? तेव्हा कळलं की वडिलांनी एकच खोली एकाच दिवशी दोघांना दिल्याचं त्या हंगामात दोनदा घडलं होतं आणि दोन्ही वेळा विशालने निस्तरलं होतं. कोण शिवराक (शाकाहारी), कोणाला कोळंबी चालत नाही, कोणाचं मूल रात्री दूध मागतं, सगळं त्याच्याकडे लिहिलेलं. पाच पट्ट्यांतल्या चोखपणाच्या पट्टीवर हा मुलगा बापाच्या फार पुढे होता. पण त्या पट्टीला कोणी टाळ्या वाजवत नाही.

थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, “माझो बापूस असोच होतो.” आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर असायचे. ओढणारे ओरडायचे, आणि हे किनाऱ्यावर उभं राहून पाण्याचा रंग बघायचे आणि हात वर करायचे. “पण तेका कोणी घुम्यो नाय म्हटल्यान.”

तुमच्या घरात असा कोणी असेल तर ती दोन रकान्यांची वही करून बघा. अक्षरांच्या चाचणीपेक्षा ती जास्त सांगते. पण जो आधी बोलका होता तोच माणूस काही आठवड्यांत गप्प झाला, झोप-जेवण बिघडलं, आवडीच्या गोष्टींतही मन लागेना, तर त्याला स्वभाव म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा 14416 या सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदत क्रमांकावर फोन करा.

विशाल मुंबईला गेला नाही. सकाळची होडी आणि बुकिंगचे फोन त्याच्याकडे, संध्याकाळची पंगत वडिलांकडे, अशी वाटणी झाली. पंगतीला त्याने अर्धा तास बसायचं असंही ठरलं. मे महिन्यात, ऐन गर्दीत, रात्री साडेआठला वडिलांचा फोन आला. मागून पाहुण्यांचा कालवा ऐकू येत होता.

“मॅडम, अर्धो तास झालो,” ते हसत म्हणाले. “पंप परत बिघडलो.”